४२ माणसांना पिझ्झा किती मागवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीचं स्नेहसंमेलन शनिवारी संध्याकाळी साडेसातला गच्चीवर आहे. नावं ४२ आली आहेत: २४ मोठी माणसं, ६ आजी-आजोबा आणि १२ मुलं, त्यातली चार दहावी-बारावीची. ४२ पैकी १८ जण शाकाहारी, त्यात पाच जण जैन. पिझ्झ्याबरोबर भेळ, गार्लिक ब्रेड आणि केक आहे. कमिटीत एक गट म्हणतो १० लार्ज पुरेत, दुसरा म्हणतो २५ मिडियम मागवा.

माझं उत्तर आधी देते: ११ लार्ज आणि ३ मिडियम. लार्जपैकी ८ व्हेज आणि ३ चिकन, तिन्ही मिडियम जैन. लार्ज म्हणजे १२ इंची, मिडियम म्हणजे १० इंची धरले आहेत. हा आकडा कसा आला ते सविस्तर सांगते, कारण शनिवारपर्यंत तुमची माणसं बदलणार आणि तेव्हा हिशोब तुम्हालाच पुन्हा करावा लागणार. मी हिंजवडीत १४ वर्षं ऑफिसचं ॲडमिन बघते. आठ माणसांच्या मीटिंगपासून तीनशे जणांच्या वार्षिक कार्यक्रमापर्यंत खाणं मागवणं हे माझं नेहमीचं काम आहे, आणि त्यात पिझ्झ्याची ऑर्डर सगळ्यात जास्त वेळा चुकताना पाहिली आहे.

आधी कमिटीतला वाद मिटवू. पिझ्झ्याचा जो आकार इंचात लिहितात तो व्यास असतो, आणि खाणं मिळतं ते क्षेत्रफळावर. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तुलनाच करायची असल्याने गणितातला ‘पाय’ (π) वगैरे काही लागत नाही, इंचांचा वर्ग केला की झालं. ७ इंचीचे (म्हणजे रेग्युलरचे) ४९, १० इंचीचे १००, १२ इंचीचे १४४. म्हणजे एका मिडियममध्ये दोन रेग्युलर बसतात, आणि ‘फक्त दोन इंच मोठा’ दिसणारा लार्ज मिडियमच्या जवळजवळ दीडपट असतो. आता दोन्ही गटांचे आकडे शेजारी ठेवा. १० लार्ज म्हणजे १४४०, २५ मिडियम म्हणजे २५००. दोघांत सात लार्जचा फरक आहे! माझा आकडा १८८४ येतो. पहिल्या गटाच्या हिशोबात तीन लार्ज कमी पडतील आणि दुसऱ्या गटाच्या हिशोबात चार लार्ज उरतील.

हीच युक्ती भावालाही लावा. किमतीला इंचांच्या वर्गाने भागा. समजा, मिडियम ४५० रुपयांना आणि लार्ज ६०० ला आहे. ४५० भागिले १०० म्हणजे साडेचार, ६०० भागिले १४४ म्हणजे चारच्या थोडं वर. लार्ज स्वस्त पडला. पण मिडियमवर ‘एकावर एक’ची ऑफर असेल तर गणित उलटतं. तेव्हा ऑफर बघूनच भागाकार करा. आणि मेनूवर नुसतं ‘लार्ज’ लिहिलं असेल तर किती इंची ते फोन करून विचारा. एका दुकानाचा लार्ज १२ इंची, दुसऱ्याचा १३ इंची, तर कुठे १४ इंचीही असतो. १२ आणि १४ मध्येच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फरक आहे.

त्याच फोनवर किती कट करतात तेही विचारून घ्या. १२ इंचीचे आठ आणि १० इंचीचे सहा तुकडे केले तर दोन्हीकडचा तुकडा जवळजवळ सारखा असतो, म्हणून मी दोन्ही एकाच मापाने मोजते. पण मिडियमचेही आठ केले तर तुकडा बराच लहान होतो आणि माणशी किती तुकडे हा खालचा हिशोब कोलमडतो. सात इंचीचे चार तुकडेही असेच लहान असतात.

आता माणसं. पिझ्झा हेच रात्रीचं जेवण असेल तर मोठ्या माणसाला तीन तुकडे लागतात. कुणी दोन खातं, कुणी चार, पण वीस-पंचवीस माणसांत सरासरी तीनवर येऊन थांबते. आजी-आजोबांना दोन. त्यातले एक-दोघे एकच घेतील आणि घरी जाऊन वरणभात खातील, पण त्यांच्या नावाचं कमी धरू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना दीड. दहावी-बारावीच्या मुलांना चार, आणि ती क्रिकेट खेळून थेट गच्चीवर येणार असतील तर पाच. तुमच्याकडे २४ जणांचे ७२, सहा ज्येष्ठांचे १२, आठ लहानांचे १२ आणि चार मोठ्या मुलांचे १६, असे ११२ तुकडे झाले. सोबत पोट भरणारे दुसरे पदार्थ असतील तर मी यातून चौथा हिस्सा कमी करते. भेळ, गार्लिक ब्रेड, केक हे तिन्ही पोट भरणारे आहेत. उरले ८४. माणसं ४२, म्हणजे माणशी बरोबर दोन तुकडे. (नुसतं सूप किंवा कोल्ड्रिंक असतं तर मी काहीच कमी केलं नसतं.)

इथवरचा हिशोब बहुतेकांना जमतो. ऑर्डर चुकते ती पुढच्या पायरीवर, आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्याच पायरीत अडकलेला असतो.

१८ शाकाहारी आणि २४ मांसाहारी असं ऐकलं की कुणीही त्याच प्रमाणात ऑर्डर देतं: ११ पैकी ५ व्हेज, ६ चिकन. कागदावर अगदी न्याय्य दिसतं. पण चिकन खाणारा माणूस व्हेजही खातो. पनीरचा बॉक्स उघडला की तोही एक तुकडा उचलतो, आणि त्याने का उचलू नये? शाकाहारी माणसाला मात्र चिकनच्या बॉक्सकडे जाता येत नाही. म्हणून व्हेज आधी संपतं, दर वेळी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका निरोप समारंभाला साठ जणांसाठी निम्मे-निम्मे मागवले होते, कारण निम्मी माणसं शाकाहारी होती. वीस मिनिटांत व्हेजचे सगळे बॉक्स रिकामे झाले. चिकनचे चार बॉक्स शेवटपर्यंत झाकण न उघडता पडून होते. ज्या बाईंचा निरोप होता त्या स्वतः शाकाहारी. सगळ्यांशी बोलत बोलत त्या टेबलापाशी पोचल्या तेव्हा त्यांच्यासाठी केकच्या एका तुकड्याशिवाय काही उरलं नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता तो. त्या ‘अगं, असू दे’ म्हणाल्या, पण मला ती संध्याकाळ अजून टोचते.

तेव्हापासून मी मोजणी त्या माणसापासून सुरू करते ज्याच्यापुढे सगळ्यात कमी पर्याय आहेत. तुमच्याकडे ते पाच जैन पाहुणे आहेत.

त्यांच्यासाठी काय काय बघावं लागतं ते पाहा. पिझ्झ्यावर कांदा, बटाटा, मशरूम नको हे सगळ्यांना सुचतं. पण पिझ्झ्याच्या सॉसमध्येच कांदा-लसूण असतो, म्हणून नुसतं ‘वरून कांदा टाकू नका’ सांगून चालत नाही. ‘जैन सॉस आहे का’ असंच विचारावं लागतं. गार्लिक ब्रेड म्हणजे लसूण, तो त्यांना चालत नाही. भेळेत कांदा-बटाटा असतो, तीही नाही. केक एगलेस नसेल तर तोही नाही. म्हणजे ज्या तीन पदार्थांच्या भरवशावर आपण चौथा हिस्सा कमी केला, त्यातला एकही त्यांच्या ताटात येत नाही. म्हणून त्यांचा हिस्सा मी कमी केलेला नाही. पाच जणांना साधारण १३ तुकडे लागतात, दोन मिडियममध्ये १२ होतात, म्हणून तीन मिडियम सांगितले. लार्ज ऐवजी मिडियम अशासाठी की जैनमध्येही दोन-तीन प्रकार देता येतात. सोबत कांदा-बटाटा न घातलेली भेळ एका वेगळ्या पातेल्यात काढून ठेवा, त्याला काही कष्ट नाहीत.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती आजच विचारून घ्या. संध्याकाळी साडेसात म्हणजे सूर्यास्त झालेला. काही जैन घरांत सूर्यास्तानंतर खात नाहीत. तुमच्या पाचांपैकी कुणाचा तसा नेम असेल तर त्यांचा पिझ्झा सूर्यास्ताआधी खाऊन होईल इतक्या लवकर मागवा आणि त्यांना गच्चीवर लवकर बोलवा. कुणीतरी दोघं-तिघं त्यांच्यासोबत बसून खा, म्हणजे त्यांना एकटं वाटणार नाही.

आता उरलेले ३७. तुमच्या यादीत ते १३ शाकाहारी आणि २४ मांसाहारी आहेत. पण कार्यक्रम शनिवारी आहे! आपल्याकडे कितीतरी लोक एरवी चिकन-मटण खातात पण शनिवारी खात नाहीत. कुणाचा गुरुवार असतो, कुणाचा सोमवार किंवा मंगळवार. माझ्या अनुभवात अशा वारी साधारण तिसरा हिस्सा गळतो. २४ मधले ८ गेले, उरले १६. तर त्या संध्याकाळपुरते जैन सोडून शाकाहारी २१ आणि दोन्ही खाणारे १६. २१ जणांचे ४२ तुकडे. १६ जणांचे ३२, त्यातला तिसरा हिस्सा ते व्हेजमधून उचलणार, म्हणजे ११. व्हेज झालं ५३, चिकन २१. चिकनचे तीन लार्ज झाले.

व्हेजमध्ये आणखी तीन माणसं मिळवा, जी तुमच्या ४२ मध्ये नाहीत: गेटवरचे दोघे वॉचमन आणि जिने-गच्ची झाडणाऱ्या मावशी. त्या संध्याकाळी डिलिव्हरीवाल्यांना वर पाठवण्याचं, खुर्च्या लावण्याचं, नंतर कचरा काढण्याचं काम हेच लोक करणार आहेत. त्यांना शेवटी उरलेलं देऊ असं बहुतेक ठिकाणी ठरतं, आणि मग उरतच नाही, किंवा उरतं ते गार आणि वातड झालेलं. त्यांचे सहा तुकडे आधीच मोजा आणि पहिला बॉक्स उघडला की गरम असतानाच खाली पाठवा. ५३ आणि ६ मिळून ५९. आठाने भागलं तर सातच्या थोडं वर. इथे मी पूर्णांक नेहमी वरचा घेते: आठ व्हेज. चिकन अपूर्णांकात आलं तर एखादे वेळी खाली आणते, व्हेज कधीही नाही.

शनिवार सोडून कार्यक्रम रविवारी केलात तर फारसे बदल होत नाहीत, फक्त एक लार्ज व्हेजमधून चिकनमध्ये हलवा. तारीख बदलण्याआधी कालनिर्णय मात्र उघडा. संकष्टी आली तर उपासाची माणसं चंद्रोदयानंतरच जेवणार, आणि पंचांगात चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे असेल तर साडेसातला आलेला पिझ्झा त्यांच्या काय कामाचा? एकादशी असेल तर ती माणसं त्या दिवशी पिझ्झा खाणारच नाहीत, त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी हवी. श्रावणात चिकनचा आकडा मी अंदाजाने धरतच नाही, एकेकाला विचारून धरते.

भेळ-ब्रेडचा बेत रद्द होऊन नुसता पिझ्झाच ठेवलात तर व्हेज १० आणि चिकन ४ करा. जैन तीन मिडियम तेच, कारण त्यांचं आधीच पूर्ण धरलं आहे.

आठ व्हेजमध्ये मी असं वाटप करीन: तीन साधे चीज किंवा चीज-कॉर्नचे, दोन पनीरचे, तीन सिमला मिरची-कांदा-ऑलिव्ह वगैरे घातलेले. साधे तीन जास्त वाटतील, पण ती मुलांची गरज आहे आणि तिखट न चालणाऱ्या आजी-आजोबांचीही. मुलं सिमला मिरची वेचून बाजूला काढतात आणि तुकडा अर्धवट टाकतात. लहान मुलांचे तुकडे घरच्या कात्रीने उभे अर्धे करून द्या. अर्धा संपला की दुसरा मागतात, वाया काही जात नाही. मुलांना आधी वाढा. पंधरा मिनिटांत ती खेळायला पळतात आणि मोठ्यांना निवांत खाता येतं.

अर्धा व्हेज-अर्धा चिकन असा एकच पिझ्झा कधीही मागवू नका, जागा कितीही वाचत असली तरी. बॉक्स आले की प्रत्येक झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात व्हेज, चिकन, जैन असं लिहा. हिरवा ठिपका असतो, पण गच्चीवरच्या ट्यूबलाइटमध्ये तो कुणाला दिसत नाही. चिकनचं टेबल वेगळं. जैनचं तर वेगळं हवंच, आणि त्या टेबलापाशी एक माणूस उभा ठेवा. ‘हा काय वेगळा आहे बघू’ म्हणून सगळ्यात आधी तिथलाच तुकडा उचलला जातो. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण ज्यांच्यासाठी तो मागवला त्यांना मिळत नाही.

वेळेबद्दल. साखळी दुकानांतल्या सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमधून एक पिझ्झा सहा-सात मिनिटांत निघतो. तरी १४ पिझ्झे शनिवारी संध्याकाळी एकदम मागवले तर दुकानाला झेपत नाहीत, कारण ओव्हनआधी ते हाताने भरावे लागतात आणि त्याच वेळी सगळं गाव ऑर्डर करत असतं. ॲपवरून ऑर्डर न टाकता आदल्या दिवशी दुकानात फोन करा, मॅनेजरशी बोला, आणि दोन खेपा ठरवा. पहिली पावणेआठला: ५ व्हेज, २ चिकन, तिन्ही जैन. दुसरी साडेआठला: ३ व्हेज, १ चिकन. दुसऱ्या खेपेचं शेवटचं सांगणं आठला फोनवर देऊ असं आधीच बोलून ठेवा. आठ वाजता गच्चीवर डोकी मोजा. पाच-सहा जण आलेच नसतील तर एक व्हेज कमी करा, कुणाचे पाहुणे आले असतील तर एक वाढवा. पावसाळा असेल तर दोन्ही वेळा पंधरा मिनिटं आधीच्या सांगा. गेटवर डिलिव्हरीवाल्याच्या नावाची नोंद आधीच करून ठेवा, नाहीतर पिझ्झा खाली दहा मिनिटं थांबतो आणि तो दहा मिनिटांत बराच बिघडतो.

तो का बिघडतो तेही सांगते. बंद बॉक्समध्ये वाफ कोंडते आणि खालचा बेस ओला होतो. वरून चीज गार होऊन घट्ट होतं. म्हणून बॉक्स आला की एकावर एक रचून ठेवू नका, झाकण बोटभर उघडं ठेवा आणि लगेच वाढा. दोन खेपांचा आग्रह मी त्यासाठीच धरते.

शहरात आता लाकडाच्या भट्टीतले, नेपल्सच्या पद्धतीचे पातळ पिझ्झे मिळतात. कुणी तसा बेत सुचवला तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. ते ४३० अंश सेल्सिअसच्या वर, साठ ते नव्वद सेकंदांत भाजतात. फुगलेली कड, मधे अगदी पातळ, आणि नेपल्समध्ये एक माणूस एक अख्खा खातो. भट्टीतून निघाल्यावर पाच-सात मिनिटांत खायची ती गोष्ट आहे. दहा-बारा जण तिथे जाऊन खाणार असाल तर माणशी एक धरा आणि जरूर जा. ४२ जणांसाठी गच्चीवर मागवू नका. बारीक क्रस्टचे साधे पिझ्झे घेणार असाल तर मात्र माझ्या आकड्यात चौथा हिस्सा वाढवा, त्याने पोट लवकर भरत नाही.

बाकी किरकोळ. पाणी वीस लिटरचे दोन जार. चीज-सॉस खारट असतो, लोक घरच्यापेक्षा जास्त पाणी पितात. ओरेगॅनो-चिलीफ्लेक्सच्या पुड्या माणशी एक तरी मागून घ्या, न मागता कमी देतात. कागदी डिश लहान नको, तुकडा बाहेर लोंबतो आणि मुलांच्या हातून पडतो.

आणि उरलंच तर. पिझ्झा दोन तासांहून जास्त बाहेर ठेवलेला असेल तर घरी नेऊ नका, उन्हाळ्यात तर तासाभरातच ठरवून टाका. दुसऱ्या खेपेतला न उघडलेला बॉक्स असेल तर ज्यांच्या घरी फ्रिजमध्ये जागा आहे त्यांना लगेच द्या. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये घातला तर बेस रबरासारखा होतो. तवा मंद आचेवर तापवा, तुकडा ठेवा, कडेला पाण्याचे चार थेंब शिंपडून वर झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांत खालून कुरकुरीत होतो आणि वरचं चीज पुन्हा वितळतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोन आकडे मला कळवा: शनिवारी चिकन न खाणारे नक्की किती, आणि जैन पाहुण्यांपैकी सूर्यास्ताआधी जेवणारे किती. त्यावरून दोन्ही खेपांची यादी पक्की करून देते.